७१ टक्के, हिरवा

परवा रात्री पावणेतीनला फोन, डेटाबेस बंद पडलाय. डोळे चोळत लॉगिन केलं तर पोस्टग्रेस (तोच डेटाबेस) पॅनिकचा, म्हणजे पुढे चालता येत नाही असा मेसेज टाकून आडवा झालेला आणि डिस्कवर जागा शून्य. माझी स्क्रिप्ट रोज सकाळी ८ ला सगळ्या सर्व्हरच्या डिस्क किती भरल्यात त्याचा मेल पाठवायची, त्यात याच सर्व्हरपुढे ७१ टक्के, हिरवा असं होतं, त्यामुळे मी नजरही थांबवली नाही.

झालं असं की एक रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरीकडे चालणारी प्रत, कुणीतरी (मीच) बंद केली होती आणि तिचा रेप्लिकेशन स्लॉट (ती कुठपर्यंत पोचलीय याची मुख्य डेटाबेसकडची नोंद) तसाच राहिला. स्लॉट जागेवर असला की पोस्टग्रेस वॅल फाइली (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) काढून टाकत नाही, रेप्लिका येईल आणि मागेल म्हणून साठवतच बसतो, त्यात रात्री मोठा बॅच जॉब सुटला आणि उरलेली जागा तीनेक तासांत गेली. १३ व्या व्हर्जनपासून मॅक्स_स्लॉट_वॅल_कीप_साइज ही या साठ्याला मर्यादा घालणारी सेटिंग आहे, पण डीफॉल्टला मर्यादाच नसते, आणि मी ते कधी बघितलं नव्हतं.

अशा वेळी पीजी_वॅल या वॅलच्या फोल्डरमधल्या फाइली हाताने उडवायचा मोह होतो. अजिबात नको! पूर्वी त्या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं, लोक "लॉगच तर आहेत" म्हणून डिलीट करायचे आणि डेटाबेस घालवून बसायचे, म्हणून तर १० व्या व्हर्जनमध्ये नाव बदललं. मला वाचवलं ईएक्सटी४ ने, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्स फाइल सिस्टिमने. ती डीफॉल्टला ५ टक्के जागा रूटसाठी (ॲडमिन युजर) राखून ठेवते, ट्यून२एफएस कमांडने ती कमी केली, पोस्टग्रेस उठला, मग स्लॉट ड्रॉप केला, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) झाला आणि जागा भसाभस मोकळी.

आता स्क्रिप्ट बदललीय. दिवसातून एकदा टक्के बघण्यात काही अर्थ नाही, १० टक्के शिल्लक म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर २०० जीबी आणि ५० जीबीवर फक्त ५. त्यामुळे दर ५ मिनिटांनी आकडा साठवतो आणि याच वेगाने भरत राहिली तर किती तास उरलेत ते काढतो, १२ च्या खाली आलं की फोन वाजतो. टेबल रीइंडेक्स करताना (इंडेक्स नव्याने बांधताना) दोनदा उगाच वाजला, चालतंय.

एसक्यूएल सर्व्हरवाल्या (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) मशीनवर आधी त्यातली एक्सपी_फिक्स्डड्राइव्हज ही तयार कमांड वापरायचो, ते नुसती मोकळी एमबी सांगतं, एकूण किती ते नाही आणि माउंट पॉइंट (फोल्डरला जोडलेल्या डिस्क) तर दिसतच नाहीत. त्यातलंच डीएम_ओएस_व्हॉल्यूम_स्टॅट्स बरं आहे, पण ज्या व्हॉल्यूमवर डेटाबेसच्या फाइली आहेत तेवढेच दाखवतं, म्हणजे फक्त बॅकअप पडतात ती ड्राइव्ह गायब. ती पॉवरशेलने थेट विंडोजच्या विन३२_व्हॉल्यूमला विचारून घ्यावी लागते.

आणि हे करताना सापडलं ते जास्त लागलं. जुनी स्क्रिप्ट एखाद्या सर्व्हरपर्यंत पोचली नाही तर एरर गिळून पुढच्यावर जायची, मेलमधून ती ओळच गळायची. चाळीस ओळींच्या जागी एकोणचाळीस आल्या तर कोण मोजतंय? आता ज्याचं उत्तर येत नाही तो सगळ्यात वर, लाल. पहिल्याच दिवशी दोन निघाले, त्यातल्या एकाचा पासवर्ड कधीच बदलला गेला होता आणि मला पत्ताच नव्हता.