तेलाचं फडकं आणि लाल डबा

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स विद्यापीठात, म्हणजे मुख्य विषयाबरोबर इतर शाखांचे विषयही घ्यावे लागतात तिथे, स्टुडिओ आर्ट (प्रत्यक्ष चित्र-शिल्प करण्याचा विषय) घेतलेल्या मुलांना पेंटिंगच्या वर्गात आधी चित्रकला नाही, फडकी शिकवतात. तेलाचं फडकं कुठे टाकायचं, ब्रश कुठे धुवायचा नाही, फिक्सेटिव्हचा (रेखाटन पुसलं जाऊ नये म्हणून मारायच्या द्रवाचा) स्प्रे कुठे मारायचा, हे सगळं समजावून बऱ्याच ठिकाणी खाली सहीसुद्धा घेतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड घेऊन आलेल्या मुलाला हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे, पण ऐकायला हवं.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. कॅनव्हासवरच्या पातळ थरातून ती निसटते. बोळा करून टोपलीत फेकलेल्या सुती फडक्यात मात्र कोंडून राहते. फडकं तापलं की क्रिया आणखी वेग घेते, आणि काही तासांत ते आपोआप पेटू शकतं. काडी नको, ठिणगी नको. फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१च्या रात्री वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत पेटली, ती अशाच फडक्यांमुळे. २२व्या मजल्यावर लाकडाला जवसाचं तेल लावून झाल्यावर फडकी तिथेच राहिली होती. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. आग ३०व्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर होते.

म्हणून स्टुडिओत तेलाच्या फडक्यांसाठी तो लाल डबा. पायाने दाबला की झाकण उघडतं, पाय काढला की आपसूक बंद, त्यामुळे आत हवा फारशी जात नाही. बूड जमिनीपासून उचललेलं असतं, म्हणजे खालून हवा खेळून डबा थंड राहतो. रोज रिकामा व्हायलाच हवा. चुका ठरलेल्या: तेल पुसलेला कागदी टॉवेल ‘कागदच तर आहे’ म्हणून साध्या टोपलीत जातो, किंवा डबा इतका ठासून भरतात की झाकण बोटभर उघडंच राहतं. मग त्या डब्याला काही अर्थ उरत नाही.

आता आपली बाजू. आपल्याकडे फडकं टाकतं कोण? जुन्या धोतराचा तुकडा खिडकीच्या गजावर पसरलेला असतो, पार कडक होईपर्यंत वापरतात. आणि एकेरी पसरलेल्या फडक्यातली उष्णता निघून जाते, म्हणजे रसायनशास्त्र आपल्या बाजूने! अर्थात तो काटकसरीचा योगायोग. सुरक्षिततेचा विचार त्यात कुणी केला नव्हता, हेही कबूल करायला हवं.

ब्रशचंही तसंच. रंग पातळ करायचं आणि ब्रश धुवायचं टर्पेंटाइन बऱ्याच स्टुडिओंतून हद्दपार झालंय. त्याची वाफ साधारण ३५ अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते. त्याऐवजी वापरतात त्या बिनवासाच्या मिनरल स्पिरिटची साधारण ६० अंशांच्या आसपास. आधी ब्रश कोरडा पुसायचा, मग पहिल्या बरणीत खळबळायचा, मग दुसऱ्या स्वच्छ बरणीत, आणि शेवटी साबण. बरणी रात्रभर ठेवली की रंग तळाशी बसतो. वरचं नितळ द्रव ओतून पुन्हा वापरायचं, गाळ घातक कचऱ्याच्या पिंपात. कॅडमियम या विषारी धातूचा रंग सिंकमध्ये ओतला तर बोलणी बसणार, आणि ती योग्यच.

हे ‘का’ चित्रकलेच्या तासाला फारसं शिकवत नाहीत. ते रसायनशास्त्र विभागात सापडतं, आणि लिबरल आर्ट्सची गंमत इथे आहे. बीएला साधारण १२० क्रेडिट लागतात. त्यात कला विषयाचा वाटा ढोबळमानाने ३० ते ४५ टक्के. बीएफएला (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, निव्वळ कलेची पदवी) तो ६५ टक्क्यांच्या पुढे. बीएच्या बाकीच्या क्रेडिटमध्ये विज्ञान, इतिहास, लेखन. विज्ञानाची अट भागवायला अनेक कॉलेजांत ‘कलेचं रसायनशास्त्र’ असा कोर्स असतो, रंगद्रव्यं आणि वाळणारी तेलं हाताळत शिकवलेला. हात मात्र बीएफएवाल्याचाच जास्त बसणार, त्यात शंका नाही. तासांचं गणित साधं आहे. आपल्याकडून आलेल्या मुलांचं रेखाटन पहिल्या सत्रात अनेकदा उजवं ठरतं. पुढे गाडी अडते ती क्रिटीकला: चित्र भिंतीवर, वर्ग समोर, आणि ‘छान’ हा शब्द कुणाच्याच कामाचा नाही. ‘ही कड इतकी धारदार का?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

नोंदणी करताना आधी स्टुडिओची जागा धरा. आठवड्यात दोनदा, सलग अडीच-तीन तास, त्यामुळे तो विज्ञानाच्या लॅबच्या वेळेवर हमखास आदळतो. ड्रॉइंग-१ बहुतेक ठिकाणी पेंटिंगची पूर्वअट असते. पहिल्या सत्रात हुकलं तर पेंटिंग दुसऱ्या वर्षावर जाऊ शकतं. आणि झेपत नाही म्हणून स्टुडिओ सोडायचा झाला, तर आधी क्रेडिट मोजा: विद्यार्थी व्हिसावर सत्रात १२ क्रेडिटच्या खाली जायचं तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीची परवानगी आधी लागते, नंतर नाही.