लढाई तीन पानांची, भाकरी वीस पानांची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, आपल्या सीमाभागातल्या कुठल्याही गावच्या साहित्य संमेलनात अद्भुतकथा लिहिणारा म्हणून माझी ओळख करून दिली, की चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच. "सर, तुमच्या राज्यात गड आहेत, फौजा आहेत, माणसं सावल्या गहाण ठेवतात. मग लढाई तीन पानांत का उरकता? आणि दोघे भाऊ चुलीपुढं बोलत बसतात, त्याला वीस पानं?"

पहिल्या खर्ड्यात लढाई बावीस पानांची होती. धूळ, तुताऱ्या, बुरूज ढासळणं, सगळं मन लावून लिहिलं होतं. आईनं दोन दुपारी बसून वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ते धाकटं पोरगं सकाळपास्नं उपाशी हाय न्हवं? जेवलं की न्हाई?"

त्या बावीस पानांत मी पाचशे माणसं मारली होती. तिच्या मनात एका पोराचं पोट राहिलं. कारण त्याआधी कुठंतरी, दोनच ओळींत, थोरल्यानं धाकट्याच्या शिदोरीतली भाकरी काढून घेतली होती. लिहिताना मलाही तिचं महत्त्व कळलं नव्हतं.

मग मला चित्ररथ आठवला. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, तिथीप्रमाणे, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालणारी. अकरा वर्षांचा असताना मी पावनखिंडीच्या देखाव्यात मावळा होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याची खिंड, हातात लाकडी तलवार. दर चौकात दिवे लागायचे, संवाद सुरू व्हायचे, बाजीप्रभू पडायचे. पुढचा चौक येईपर्यंत अंधार आणि जनरेटरची घरघर. त्या अंधारात सिद्दीचा सैनिक झालेला आमच्याच गल्लीतला पोरगा माझ्या शेजारी सरकला, खिशातले शेंगदाणे माझ्या हातावर ओतले आणि म्हणाला, "अजून किती चौक राहिले रे? झोप आल्या मला." किती वार केले, कुणी टाळ्या दिल्या, काही आठवत नाही. ते शेंगदाणे गरम होते, त्याच्या खिशाच्या उबेनं. एवढं पक्कं आठवतं.

आपल्या जिल्ह्यातलं कित्तूर घ्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तिथं मारला गेला. लढाई त्या दिवसापुरती. पण त्याचे दोन सहायक, स्टीव्हन्सन आणि इलियट, राणी चन्नम्मांच्या कैदेत सापडले आणि डिसेंबरात सुटेपर्यंत किल्ल्यातच होते. त्याच वॉल्टर इलियटनं पुढं या मुलखातल्या शिलालेखांच्या नकला जमवल्या. त्या दिवसांत त्याला जेवण कोण नेऊन देत असेल? कुठल्या भाषेत बोलत असतील? कित्तूरच्या पडक्या वाड्यात उभा राहिलो की तोफा कुठं डागल्या याच्याआधी मला हेच विचारावंसं वाटतं.

म्हणून लढाई नकोच, असं मात्र मी कधी म्हणणार नाही. माणूस जे तोंडानं बोलू शकत नाही, ते लढाईत त्याच्या हातून होऊन जातं. तेवढ्यासाठी ती हवीच. आणि लिहायची तर नीट माहिती करून. मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एका वस्तादांनी मला दांडपट्टा हातात दिला तेव्हा कळलं, की त्या लोखंडी मुठीत हात गेला की मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. ते म्हणाले, "पात्याकडं काय बघतोस? पायाकडं बघ त्याच्या." तेव्हापासून माझ्या लढाईत एका वेळी एकाच माणसाला दिसेल तेवढंच दिसतं. समोरच्याचे पाय, चिखल, शेजारच्याचा श्वास. आख्खं रणांगण गरुडाला दिसत असेल, शिपायाला नाही.

आता ती तीन पानं. माझ्या राज्यात सावली गहाण ठेवलेल्या माणसाला भीती वाटत नाही; मात्र परत येऊन ती सोडवली नाही तर ती सावकाराची होते. धाकटा जन्माचा भित्रा. सावली ठेवायला त्यानं चुलीपुढंच नकार दिलेला, आणि तो नकार, थोरल्याची समजावणी, दोघांचं रुसणं, यातच ती वीस पानं गेली. दुसऱ्या दिवशी भर लढाईत त्याच्या ध्यानात येतं, की आपले हात थरथरत नाहीत. उन्हं कलती आहेत, माणसांच्या, घोड्यांच्या, भाल्यांच्या लांब सावल्या पडल्या आहेत. तो स्वतःच्या पायांकडं बघतो. तिथं काहीच नाही. रात्री तो झोपलेला असताना थोरल्यानं काय केलं, हे त्याला तिथं कळतं. एवढ्यासाठी ती लढाई आहे. त्यापुढं आणखी एकोणीस पानं तलवारी फिरवून मी काय दाखवणार होतो?

त्या रात्री थोरला भाकरी मोडून पुढं करतो. धाकटा घेतो की नाही, हे ठरवायला मला अकरा दिवस लागले. घेतो. पण थोरल्याकडं पाठ करून खातो.

तेवढं पान आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खाल्लं न्हवं? मग बोलंल उद्या."