आमची वाटचाल : फुगलेल्या दारांवर चाललेलं दुकान

पाऊस लागला की ठाण्यात दारं फुगतात, आणि दारं फुगली की आमचं दुकान भरतं. कुणाच्या बाथरूमचं दार चौकटीत अडकतं, कुणाच्या बाल्कनीचं. सुताराला फोन जातो. सुतार उन्हाळाभर माळ्यावर पडलेला इलेक्ट्रिक रंधा खाली काढतो, बटण दाबतो, आणि मशीन काही चालत नाही. मग ते पिशवीत घालून स्वारी वागळे इस्टेटला आमच्या गाळ्यावर हजर.

माझे वडील सुतार. नौपाड्यातल्या जुन्या चाळींची कितीतरी दारं त्यांच्या हातची. आता त्यातल्या बऱ्याच चाळीच राहिल्या नाहीत. मला मात्र लाकडापेक्षा मोटरची ओढ. आयटीआय केलं, एका वाइंडिंगवाल्याकडे सहा वर्षं तांब्याची तार गुंडाळली आणि २००४ साली दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. ग्राइंडर, ड्रिल, कटर, प्लेनर म्हणजे इलेक्ट्रिक रंधा, जे येईल ते उघडायचं.

वर्ष जेमतेम झालं आणि २६ जुलै आला. गाळ्यात कमरेएवढं पाणी, आणि गिऱ्हाइकांची १४ मशीन खालच्या फळीवर. पाणी ओसरल्यावर मी आणि धाकट्या भावाने एकेक मशीन सुटं केलं, चिखल निघेपर्यंत आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) आणि फील्ड (त्याभोवतीची न फिरणारी गुंडाळी) नळाच्या पाण्याने धुतली. ऊन तर दिसतच नव्हतं. म्हणून लाकडी खोक्यात शंभर-शंभर वॉटचे दोन बल्ब लावले, त्यात सगळं दोन-तीन दिवस वाळवलं, मेगरने इन्सुलेशन तपासलं, बेअरिंगं नवी घातली. ११ वाचली. वाया गेलेल्या तीन मशीनचे पैसे आम्ही हप्त्याहप्त्याने फेडले. जाहिरात म्हणाल तर आमची तेवढीच झाली.

प्लेनर ही आमची खासियत ठरली ती एका पट्ट्यामुळे. कळव्याचा एक मिस्त्री मशीन घेऊन आला. दुसऱ्या एका दुकानाने त्याला मोटर जळाली म्हणून सांगून मोठा आकडा दिला होता. मी बटण दाबलं तर मोटर झकास फिरत होती, फिरत नव्हता तो पात्यांचा ड्रम. बाजूचं झाकण काढलं, आत रबरी पट्टा तुटून पडलेला. पट्टा बदलला, आतला भुसा ब्रशने काढला, वीस मिनिटांत मशीन परत. त्या मिस्त्रीने पुढच्या महिन्यात आणखी चौघे आणले. तेव्हापासून आमच्याकडे मशीन गिऱ्हाइकाच्या समोर उघडतात आणि काय बिघडलंय ते त्याच्या हातात देतात.

समोर उघडायला लागल्यावर लक्षात आलं की मशीन स्वतःहून फार कमी बिघडतं. कार्बन, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणारे ब्रश, झिजून मुळाशी येतात, ठिणग्या उडत राहतात, तरी काम चालूच; शे-दीडशेची कार्बनची जोडी वाचवण्यापायी आर्मेचर जातं. लांबलचक, बारीक तारेच्या एक्स्टेंशनवर मशीन चालवलं की व्होल्टेज पडतं, मोटर तापते. जुन्या दारातला खिळा न काढता रंधा फिरवला की पात्याला दात पडतो, आणि मग प्रत्येक दारावर रेघ उठते. हे सगळं मी फुकट सांगतो. भाऊ वैतागतो, म्हणतो, दादा, असंच शिकवत बसलास तर आपल्या शटरला कुलूप लागेल. अजून तरी लागलेलं नाही.

२०११च्या जुलैत शिकवणारा मीच चुकलो. ओल्या लाकडाच्या ढलप्यांनी मशीनचं तोंड तुंबलं होतं. बटण सोडलं आणि ढलपी काढायला बोट घातलं. प्लग बोर्डातच होता, आणि बटण सोडलं तरी ड्रम लगेच थांबत नाही. मिनिटाला १६ हजारांच्या आसपास फेरे घेणारी वस्तू ती, तिला थांबायला काही सेकंद लागतातच. डाव्या तर्जनीचं टोक गेलं. वडील दवाखान्यात एवढंच म्हणाले, ‘‘माझ्या रंध्याने उभ्या जन्मात इतकं रक्त काढलं नाही.’’

तेव्हापासून दुकानात एक रीत आहे. पात्याला हात लावण्याआधी प्लग काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा. खिशात प्लग नसेल तर भाऊसुद्धा मला मशीन उघडू देत नाही. तुंबलेलं तोंड लाकडाच्या काडीने साफ करायचं, बोटाने नाही. ड्रम पुरता थांबेपर्यंत मशीन खाली टेकवायचं नाही. सैल बाही नको, आणि हातमोजेही नकोत. मोजा पात्यात गेला तर हातालाही ओढून नेतो. वायर खांद्यावरून मागे टाकायची. डोळ्यांना चष्मा हवाच. बटण चालू ठेवणारी खिट्टी असते ना, दाराच्या कामात ती लावूच नये असं माझं मत. त्यावर काही मिस्त्री माझ्याशी अजून भांडतात.

पाती बसवणं मात्र मी घाईत कुणाला शिकवत नाही. मशीन उलटं ठेवायचं. मागच्या प्लेटवर सरळ पट्टी धरायची आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा. पात्याची धार पट्टीला नुसती चाटून जायला हवी, तीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सारखीच. धार वर राहिली तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, खाली राहिली तर मशीन कापायलाच कुरकुरतं. दोन्ही पाती एकदमच बदलायची; एक नवं एक जुनं ठेवलं तर ड्रमचा तोल जातो आणि बेअरिंग ओरडायला लागतं. कार्बाइडचं दोन धारांचं पातं उलटून वापरता येतं, मग टाकायचं. एचएसएसच्या, म्हणजे हाय-स्पीड स्टीलच्या पात्याला धार लावून देतो.

चालवताना सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, शेवटी मागच्या. हे काही मी शोधलेलं नाही, वडिलांच्या हातरंध्याचाच धडा. फुगलेल्या दाराला एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घेऊ नका. पावसात घासतं म्हणून भसाभस उतरवलं तर जानेवारीत त्याच दारातून वारा येतो. आणि कापलेली कड तशीच उघडी ठेवली तर ती पुन्हा पाणी पिते. ऑइल पेंट किंवा पॉलिशचा हात मारूनच दार बसवा.

नोटाबंदी, जीएसटी, लॉकडाउन सगळ्यांनी सोसलं तसं आम्हीही सोसलं. लॉकडाउनमध्ये घरी बसून भावाने सुट्या भागांची वही संगणकावर चढवली, त्यामुळे आता रबाळ्याहून, महापेहून फोन आला तरी पट्टा कोणता लागेल ते तो बसल्या जागी सांगतो. गाळा आता दोन गाळ्यांचा झाला आहे, कारागीर तीन.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच मशीन दाखवून जा, जूनमध्ये रांग असते. येताना जुनी पाती आणि पात्याची चावी सोबत आणा. शुक्रवारी दुकान बंद असतं.