काचेच्या टाकीतला सकर आणि आपले पाझर तलाव

मत्स्यालयाच्या दुकानात ‘सकर’ किंवा ‘क्लीनर’ या नावाने बोटभर लांबीचा, काळपट ठिपक्यांचा जो मासा मिळतो, तो पुष्कळदा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, असतो. थिओडोर गिल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन, ओरिनोको, पॅराग्वे यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत आहे. लोरिकॅरिडी या ज्या कुळात ती मोडते, त्यात हजाराच्या आसपास जाती असून अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या तबकड्यांचे चिलखत ही त्या साऱ्यांची खूण आहे.

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत हा मासा एकाच बोलीवर विकला जातो : काचेवरचे शेवाळ खाऊन तो टाकी स्वच्छ ठेवतो. ही जाहिरात अर्धीच खरी आहे. शेवाळ तो खरडतो, यात शंका नाही. पण जेवढे खातो त्या मानाने विष्ठाही भरपूर टाकतो, आणि ती उपसायची वेळ मालकावरच येते. शिवाय दुकानदार जे क्वचितच सांगतात ते असे, की या बोटभर पिल्लाचा पुढे ४० ते ५० सेंटिमीटरचा मासा होतो. दिवाणखान्यातल्या टाकीत तो मावेनासा झाला की मालकाला त्याची दया येते आणि एखाद्या रविवारी तो जवळच्या तलावात सोडला जातो. माझी तक्रार या दयेविषयीच आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे गोदाकाठच्या आमच्या भागात काही विचित्र जीव सापडला की तो माझ्या दारात येतो. उन्हाळ्याच्या तोंडी पाझर तलावावर जाळे टाकणारे एक ओळखीचे भोई असाच एक मासा गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. “सर, हे ना धड मासा, ना धड मगर. पहाटं काढलंय, अजून मरंना,” असे म्हणत त्यांनी तो ओट्यावर ठेवला. दुपार झाली होती आणि मासा खरोखरच जिवंत होता. अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर किसणीसारखा ओरखडा उठत होता, कारण त्याच्या तबकड्यांवर दातांच्याच जडणीचे बारीक काटे असतात. डोळा पाहण्यासारखा होता : उन्हात धरल्यावर बुबुळाचा एक पाळ वरून खाली उतरून बाहुली झाकू लागला आणि ओट्याच्या सावलीत नेल्यावर तो हळूहळू मागे सरला. पाठीवरचा पर उघडून काट्यामागच्या मऊ काड्या मोजल्या, तेव्हा त्या बारा भरल्या. हिपोस्टोमस या त्याच्या सख्ख्या वाटणाऱ्या भाऊबंदात त्या सातच असतात, त्यामुळे प्रजातीची ओळख तिथेच पटली. जातीचा प्रश्न मात्र सुटला नाही. पोटावर सुटे ठिपके असतील तर पार्डालिस आणि वळवळत्या, एकमेकींना जोडलेल्या रेषा असतील तर डिस्जंक्टिव्हस, असा ठोकताळा आहे. या माशाच्या पोटावर दोन्ही होते. परदेशांत जिथे जिथे हे मासे पसरले आहेत, तिथे या दोन जातींच्या मधल्या नक्षीचे मासे आढळतात आणि त्यांचा संकर होत असल्याचे मानले जाते.

पहाटे काढलेला मासा दुपारपर्यंत जिवंत राहतो कसा, याचे उत्तर त्याच्या जठरात आहे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. त्याच्या जठराची भिंत पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असल्याने ती हवा तिथेच शोषली जाते. ॲमेझॉनच्या पूरमैदानात पूर ओसरल्यावर मागे डबकी उरतात, ती तापतात, त्यांतले पाणी कुजते, आणि त्या महिन्यांत तग धरणाऱ्यांतच या प्रजातीची गणना होते. आता चैत्र-वैशाखातला आपला एखादा पाझर तलाव डोळ्यांपुढे आणावा. गुडघाभर कोमट, गढूळ पाणी, कडेला भेगाळलेला काळा गाळ, आणि रोहू-कटल्याचे श्वास घेता न आल्याने तरंगू लागलेले मासे. मरळ आणि मांगूर हे आपले हवा घेणारे मासे तिथे टिकतात, पाहुणाही टिकतो. पर्जन्यछायेतल्या मराठवाड्यात बाहेरचा मासा उन्हाळ्यात आपोआप मरून जाईल, असे समजण्यात अर्थ नाही, कारण हा मासा उन्हाळ्यासाठीच घडलेला आहे.

दुसरा प्रश्न काठाचा. या प्रजातीचे नर चिकणमातीच्या काठात आडवी बिळे खोदतात, कधी मीटरभराहून खोल. मादी तिथे शेकड्यांनी अंडी घालते आणि नर बिळात राहून ती राखतो. पाणी उतरले की ही बिळे उघडी पडतात आणि काठ ढासळू लागतो. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याला ही भीती नाही, पण अस्तर नसलेली शेततळी, गावतळी आणि पाझर तलाव यांचे काठ मातीचेच असतात. आपल्या तलावांत प्रत्यक्ष किती नुकसान होईल हे मातीवर अवलंबून राहील, तरीही बांधाची डागडुजी वर्षानुवर्षे रखडलेल्या गावांनी हा धोका हसण्यावारी नेऊ नये.

भोई समाजाच्या दृष्टीने खरी झळ जाळ्याला आहे. घाबरला की हा मासा पाठीचा आणि कुशीचा काटा ताठ करतो, आणि तो काटा असा अडकून बसतो की मासा सोडवण्यापेक्षा जाळे कापणे सोपे जाते. “जाळं गेलं तर गेलं, पण बाजारात ह्याला कुणी इचारीत बी नाही,” हे वर उल्लेखिलेल्या गृहस्थांचे म्हणणे. ब्राझील आणि पेरूमध्ये लोक हा मासा आवडीने खातात, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी चिलखतावर कोयत्याची मूठ वाजवून दाखवली आणि आत मांस किती निघेल, असे विचारले. वजनाच्या मानाने ते थोडेच निघते. मच्छीमार संस्थेने ठेक्याच्या तलावात पैसे मोजून मत्स्यबीज सोडायचे आणि तळातले शेवाळ व सेंद्रिय गाळ या फुकट्याने फस्त करायचा, हा व्यवहार कुणालाही परवडणारा नाही.

मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशय एके काळी चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) मासेमारीसाठी नावाजलेला होता. तिथे हे मासे माजले आणि कोळ्यांच्या जाळ्यांत चिलापीच्या जागी तेच भरू लागले. भारतातही पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत त्यांचे बस्तान बसले आहे, आणि वाराणसीजवळ गंगेतही ते सापडले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आलेले कलम ६२-अ आक्रमक परकी जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. माझ्या मते या प्रजातीवर तो सर्वांत आधी वापरला पाहिजे. रंगीत माशांच्या धंद्याचे त्यावाचून काही अडणार नाही.

तोवर शेवाळाचा उपाय साधा आहे : टाकीवरचा दिवा कमी वेळ लावावा, माशांना बेताने खाऊ घालावे आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलावे. घरात वाढलेला सकर असेल तर दुकानदार परत घेतो का, ते विचारावे किंवा मोठी टाकी असलेला कुणी शोधावा. ओढ्यात, विहिरीत, तलावात मात्र तो कदापि सोडू नये. जाळ्यात आलेला मासा पुन्हा पाण्यात फेकू नये आणि मेला समजून काठावरही टाकू नये, कारण तो तासन्‌तास जिवंत असतो. त्याच्या हाडांत फॉस्फरस भरपूर असतो, इतका की मेक्सिकोच्या चाकामाक्स नदीत या माशांच्या शरीरांत नदीतल्या फॉस्फरसचा मोठा साठा अडकून पडल्याचे अभ्यासकांना आढळले. तेव्हा लिंबाच्या आळ्यापासून थोड्या अंतरावर तो पुरला तर खत वाया जात नाही. खड्डा मात्र खोल घ्यावा. उथळ पुरला की कुत्री उकरतात, आणि हे काटे घशात अडकून अमेरिकेत पेलिकन पक्षी दगावलेले आहेत.