‘सोड’ म्हणायला डिग्री कशाला लागते?

लग्नकार्यात, लोकलमध्ये, सोसायटीच्या जिन्यात मला हा प्रश्न हमखास येतो. चाळिशीची बाई चांगली चौदा वर्षांची अकाउंट्सची नोकरी सोडते, समुपदेशन मानसशास्त्रात एमए करायला बसते आणि त्यातही व्यसनाचा विषय घेते. लोकांना नवल वाटणारच. ‘अगं, दारू सोड म्हणून समजावूनच तर सांगायचं ना? त्याला डिग्री कशाला?’ परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

सांगायला डिग्री लागत नाही, हे खरं आहे. माझ्या काकाला आम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं. आजीने, बाबांनी, चाळीतल्या थोरामोठ्यांनी. आणि त्याने ऐकलं.

काका परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होता. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यानंतर त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला आठवतो तो काका सकाळी उठल्या उठल्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा, तरी बशीत चहा सांडणारा. आधी संध्याकाळची, मग दुपारची आणि शेवटी सकाळचीही लागायला लागली होती. मी अकरा वर्षांची असताना आषाढी एकादशीला घरचे त्याला वडाळ्याच्या विठोबाला घेऊन गेले. तिथे त्याने माळ घातली. घरात सण असल्यासारखा आनंद होता. काकीने चपटी मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटला, उलट्या झाल्या. ‘विष बाहेर पडतंय, पडू दे,’ असं सगळे म्हणाले. तिसऱ्या रात्री तो खाटेवर उठून बसला आणि हवेत बोटं हलवायला लागला. आधी कोणाला काही कळेना. मग बाबांच्या लक्षात आलं, तो तुटलेले धागे जोडत होता. समोर साचा चालू होता त्याच्या. शेजाऱ्यांनी बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगारा आणला. सकाळी फिट आली, तेव्हा टॅक्सी केली. त्या रात्री तो गेला. ‘दारूने मेला,’ असं सगळे म्हणाले, आणि मीही पुढे पंचवीसेक वर्षं तेच म्हणत होते.

एमएच्या पहिल्याच सत्रात वर्गात फळ्यावर तासांचे आकडे लिहिले गेले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर सहा-आठ तासांत हाताला कंप सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी धावते. डेलिरियम ट्रेमन्स म्हणतात त्याला. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्या भ्रमात काही जण आपल्या रोजच्या कामाचे हातवारे करतात, असंही शिकवणाऱ्या मॅडम सांगत होत्या. त्यानंतरचं त्या तासाचं माझ्या वहीत काहीही लिहिलेलं नाही.

कारण समजायला अवघड नाही. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू जागं राहण्यासाठी उलट जोर लावतो. रोज पिणाऱ्याचा मेंदू तो जोर कायमचाच लावून बसलेला असतो. गर्दीच्या लोकलमध्ये मागच्या रेट्याविरुद्ध आपण टाचा रोवून उभे असतो, दादरला ती गर्दी एकदम उतरते आणि आपलाच तोल जातो, तसं. डॉक्टर मेंदू शांत करणारी औषधं देऊन ती काही दिवसांत हळूहळू कमी करतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. औषध देणं माझं काम नाही. ‘शेवटची कधी घेतली? आधी कधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का?’ हे दोन प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारणं आणि उत्तर ऐकून वेळ न दवडता डॉक्टरकडे पाठवणं, हे माझं काम आहे. आमच्या घरात तेव्हा हे दोन प्रश्न विचारणारं कोणी असतं, तर.

मी दारूचंच बोलतेय, कारण मला ती जवळून माहीत आहे. पण प्रत्येक पदार्थाची तऱ्हा वेगळी. गर्द म्हणजे ब्राउन शुगर सोडताना माणूस तळमळतो, हाडं पिळवटतात, पण त्या त्रासाने सहसा जीव जात नाही. धोका असतो तो पुढे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि परत जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. झोपेच्या गोळ्या दारूसारख्याच, एकदम थांबवायच्या नसतात. ‘सोड’ हा एकच शब्द सगळ्यांना लावता येत नाही, हे मला तरी वर्गात बसल्यावरच कळलं.

पण अभ्यासातला माझ्यासाठी सगळ्यात कठीण भाग औषधांचा नव्हता. तो होता गप्प बसण्याचा.

आपल्या भाषेतला शब्दच बघा, समुपदेशन. त्यात उपदेश जसाच्या तसा बसला आहे. मला तो शब्द आवडत नाही, पण दुसरा रुळलेला नाही. येणारा माणूसही त्याच अपेक्षेने येतो, की ही बाई आता चार गोष्टी सुनावणार. त्याने त्या हजारदा ऐकलेल्या असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली यावर एक लेख लिहिला, तोही दारूचा त्रास असलेल्यांबरोबर काम करताना. समोरच्याच्या मनात दोन्ही बाजू आधीच भांडत असतात, सोडायचीही आणि प्यायचीही. आपण ‘सोड’ची बाजू घेतली, की त्याला नाइलाजाने दुसरी बाजू घ्यावी लागते, आणि स्वतःच्या तोंडून ती ऐकून ऐकून ती त्याला पटत जाते. म्हणून सोडण्याची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. आपण ती ऐकायची आणि त्याला परत ऐकवायची.

वाचायला सोपं आहे. आम्हाला वीस मिनिटांचं संभाषण रेकॉर्ड करावं लागतं, वर्गातल्याच कोणीतरी पेशंट व्हायचं. मग ते शब्द न् शब्द उतरवून मोजायचं की प्रश्न किती विचारले आणि समोरच्याचं म्हणणं किती वेळा समजून परत मांडलं. एका प्रश्नामागे दोन वेळा समजून घेणं जमलं, तर चांगलं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एकतीस प्रश्न होते आणि समजून घेणं तीनदा. त्यातही सहा प्रश्न ‘तुम्हाला असं नाही का वाटत’ने सुरू होणारे, म्हणजे प्रश्नाचे कपडे घातलेला उपदेशच. तो कागद मी ठेवून दिला आहे. ऐकताना मला माझा आवाज अगदी आजीसारखा वाटला होता, प्रेमळ आणि न थांबणारा.

आता आठवड्यातले तीन दिवस मी उपनगरातल्या एका केंद्रात शिकाऊ म्हणून जाते. तिथल्या कोणाचीही गोष्ट मी सांगणार नाही, नाव बदलूनही नाही. घरच्यांचे फोन मात्र कसे असतात ते सांगता येईल, कारण ते सगळे जवळजवळ एकसारखे असतात. ‘उचलून नेता का?’ थकलेली बाई असते, पहाटेचे तीन वाजेपर्यंत दार उघडायला जागलेली. तिच्यावर रागवायचं कसं? पण मारहाण करून, बांधून ठेवून दारू सुटत नाही, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला बंदीच घातली आहे. त्या फोनवर मी तिचीच विचारपूस करते. जेवलीस का, झोपलीस का. बहुतेक वेळा पलीकडे शांतता पसरते.

कोणी म्हणतं, ज्यांनी स्वतः सोडली तेच खरे समुपदेशक, त्यांच्याकडे कुठे डिग्री होती? बरोबर आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना १९३५ साली सुरू केली ती पिणाऱ्या दोघांनीच. आपल्याकडची व्यसनमुक्ती केंद्रं बघा, वांद्र्याचं कृपा फाउंडेशन १९८१चं, पुण्याचं मुक्तांगण १९८६चं. मुक्तांगणमध्ये तर बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. ‘मीही यातून गेलोय’ हे त्यांचं एक वाक्य माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाला भारी पडतं, हे मी रोज बघते आणि मला ते कमीपणाचं वाटत नाही. पण गरज किती आहे ते बघा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं त्यात आहे. दाखल होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. बाकीच्यांना त्यांच्या घरातलेच ‘सोड’ म्हणत असणार, आमच्यासारखे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर १४४४६ हा मोफत क्रमांक आहे, सरकारी. आणि रोज पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम थांबवायला लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

गेल्या दिवाळीत काकीकडे गेले होते. ती मेथी निवडत बसली होती. ‘बाये, काय शिकवतात गं तिथे?’ तिने विचारलं. टाळावंसं वाटत होतं, पण मी सांगितलं, तासांचे आकडे, कंप, भ्रम, सगळं. तिचे हात थांबले.

‘म्हणजे त्या दिवशी थोडी दिली असती तर...’

तुझी काही चूक नव्हती काकी, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी बोलले नाही. म्हणाले, ‘इतकी वर्षं ती मोरी तुझ्या डोळ्यांसमोर आहे.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी कुठे ओतणार होते गं. ह्यांनीच आणून हातात दिली. माझे हात थरथरतायत, म्हणाले, तूच ओत.’