न बुडणारी जोयिता

समुद्रात रिकामं सापडलेलं जहाज म्हटलं की सगळे मेरी सेलेस्टपाशी जाऊन थांबतात. पण ज्यांना इंजिन, पाइप, पंप यांत रस आहे त्यांनी जोयिता बघावी. या बोटीत पाणी कसं शिरलं ते पार एका पाइपपर्यंत कळलेलं आहे. कळलेलं नाही ते हे, की 25 माणसं तिच्यावरून का उतरली.

जोयिता ही 69 फुटी लाकडी यॉट. 1931 साली लॉस एंजेलिसमध्ये रोलंड वेस्ट या सिनेदिग्दर्शकासाठी बांधलेली. युद्धात अमेरिकी नौदलाने ती हवाई बेटांच्या आसपास गस्तीला वापरली. युद्धानंतरच्या मालकांनी आत शीतकोठ्या केल्या आणि त्यासाठी 640 घनफूट बूच (कॉर्क) भरलं. हा आकडा लक्षात ठेवा.

3 ऑक्टोबर 1955 ला पहाटे पाचच्या सुमारास ती सामोआतल्या आपिया बंदरातून टोकेलाऊ बेटांकडे निघाली. अंतर सुमारे 270 सागरी मैल, प्रवास 41 ते 48 तासांचा. 16 खलाशी, 9 प्रवासी. त्यांत एक डॉक्टर आणि दोन मुलं. माल म्हणजे औषधं, लाकूड, किराणा आणि 80 रिकामी पिंपं. कप्तान टॉमस मिलर, ज्याला सगळे 'डस्टी' म्हणत. डाव्या इंजिनाचा क्लच निघण्याआधीच बिघडला होता, त्यामुळे बोट एकाच इंजिनावर हाकली. मोकळ्या समुद्रात दुसरं इंजिन ही चैन नसते. चालतं इंजिन बंद पडलं तर बोट लाटांना आडवी होते आणि मग हातात काही उरत नाही.

बोट पोचली नाही. 6 ते 12 ऑक्टोबर न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या सुंदरलँड विमानांनी जवळजवळ एक लाख चौरस मैल समुद्र धुंडाळला. 10 नोव्हेंबरला 'तुवालू' या मालवाहू जहाजाला ती दिसली, ठरल्या मार्गाच्या 600 मैलांहून जास्त पश्चिमेला, फिजीच्या वानुआ लेवू बेटाच्या उत्तरेला. डावीकडे इतकी कललेली की त्या बाजूचा कठडा पाण्याला टेकलेला. माणूस एकही नाही. चार टन माल गायब. एक छोटी होडी आणि तीन तराफे गायब. लॉगबुक, समुद्रात आपली जागा काढायची सेक्स्टंट आणि क्रोनोमीटर ही साधनं, बंदुका, सगळं गायब.

आता पाण्याचं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी पाइपने आत घेतात, इंजिनाभोवती खेळवतात आणि परत बाहेर टाकतात. म्हणजे बोटीच्या पोटात समुद्राला जोडलेली एक नळी कायम असते. जोयिताच्या याच नळीतला एक पाइप गंजून फुटला होता. बाहेरचा सांगाडा धड होता. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची छोटीशी बॅटरी होते आणि त्यातला कच्चा धातू आतून झिजत जातो. वरून रंग चकाचक, आत पापुद्रा. म्हणून तर बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात: आधी जस्त जाऊ दे, पंखा राहू दे.

अशा भोकातून किती पाणी येतं? समजा भोक इंचभर आहे आणि पाण्याच्या पातळीखाली मीटरभर आहे. मिनिटाला साधारण 80 लिटर, तासाला जवळपास पाच टन. चालत्या पंपाला हे जड नाही. पण जोयिताच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपांच्या तोंडाला गाळणीच नव्हती, त्यामुळे कचरा ओढला जाऊन ते तुंबले. त्यात गळती इंजिनखोलीच्या फळ्यांखाली. फळ्यांवर पाणी दिसेपर्यंत कुणाला पत्ता नाही, आणि दिसल्यावर बुडलेला पाइप शोधणं जवळपास अशक्य. दोन इंजिनांच्या मधे फळी टाकून एक जादा पंप बसवायची खटपट झाली होती, पण तो शेवटपर्यंत जोडला गेला नाही. उजव्या इंजिनावर गाद्या टाकलेल्या होत्या. फिरत्या चाकाने उडणारं पाणी विजेच्या स्विचबोर्डवर जाऊ नये म्हणून असावं. हे काम घाबरून पळणाऱ्यांचं वाटत नाही.

विजेवरची घड्याळं 10:25 ला थांबलेली, दिव्यांची बटणं चालू, म्हणजे रात्र. किती इंधन जळलं त्यावरून बोट सुमारे 240 मैल गेली होती. टोकेलाऊ 50 मैलांच्या आत. आता 3 तारखेच्या पहाटे पाचपासून 4 तारखेच्या रात्री 10:25 पर्यंत मोजा: साडेएक्केचाळीस तास. 240 मैलांना भागलं तर पावणेसहा नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास चाल येते. एका इंजिनाला शोभेल अशीच. घटना दुसऱ्या रात्रीची म्हणायची ती या हिशोबावर.

रेडिओ 2182 किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या आंतरराष्ट्रीय लहरीवर लावलेला होता. मदत मागितली गेली असणार. पण रेडिओ आणि एरियलमधली तार तुटलेली होती आणि त्या तुटीवर रंग मारलेला होता. त्यामुळे हाक दोन मैलांपलीकडे जाणं कठीण. बंदर सोडण्याआधी एकदा बोलून पाहिलं असतं तर हे किनाऱ्यावरच कळलं असतं.

आता ते बूच. घनफूटभर समुद्राचं पाणी 29 किलो भरतं, तेवढंच बूच पाच-सहा किलो. म्हणजे 640 घनफूट बूच बोटीला 14-15 टन उचलून धरतं. पिंपं घट्ट बंद असतील तर त्यांचा आधार आणखी जवळपास तेवढाच. बोट पाण्याने भरेल, कलेल, बुडणार नाही. मिलरला हे माहीत होतं. मग माणसं उघड्या तराफ्यांवर का गेली? सगळ्यांना पुरतील एवढी लाइफजॅकेटंही बोटीवर नव्हती.

डेकवर डॉक्टरांची बॅग सापडली: स्टेथोस्कोप, स्कालपेल आणि रक्ताने माखलेल्या पट्ट्यांचे चार तुकडे. यावरून एक तर्क निघतो की मिलरच जबर जखमी झाला किंवा मेला, आणि 'थांबा, ही बुडत नाही' असं ठामपणे सांगणारा कुणी उरला नाही. चाचे, पाणबुड्या, जपानी मच्छीमार यांच्यावर संशय घेणाऱ्या गोष्टींपेक्षा मला हा तर्क पटतो. अंधार, पायाखाली तासाला पाच टन पाणी, कललेलं डेक. अशा वेळी बुचाचं गणित कोण मांडणार? मात्र डेकवरच्या खोलीच्या छपरावर ताडपत्रीचा आडोसा बांधलेला होता, आणि तो या तर्कात नीट बसत नाही. आडोसा बांधणारा माणूस थोडा वेळ तरी थांबायच्या बेतात असतो.

फेब्रुवारी 1956 मध्ये आपियात चौकशी झाली. बोटीच्या दुरवस्थेवर ताशेरे ओढले गेले. माणसांचं काय झालं ते पुराव्यावरून सांगता येत नाही, असा निष्कर्ष नोंदला गेला. जुलैमध्ये बोटीचा लिलाव झाला, दुरुस्ती झाली आणि ती पुन्हा फिजीच्या पाण्यात धावू लागली. नोव्हेंबर 1959 मध्ये ती फिजीतल्याच लेवुका बंदराजवळ खडकावर चढली. भरतीला सुटली, पण बंदराकडे येताना मागच्या बाजूने पाणी शिरू लागलं. पंप चालू केले, तर पाणी आणखी चढायला लागलं. या खेपेला पंपांच्या झडपा उलट्या बसवलेल्या होत्या.