वरच्या पोटाची शस्त्रक्रिया आणि लवकर उठवण्याची पद्धत

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याने निपचित पडून राहावे आणि वायू सरल्याशिवाय त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. त्यामुळे इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकांच्या जठराचा बराचसा भाग कर्करोगामुळे काढल्यावर सिस्टरने त्यांना दुसऱ्याच सकाळी खुर्चीत बसवले, तेव्हा काकू आडव्या आल्या. "अरे, टाके तुटले म्हणजे?" असे त्या मलाच विचारू लागल्या.

रोग्याला असे लवकर उठवण्याच्या पद्धतीचा पाया डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांत घातला. शस्त्रक्रियेच्या आघाताने शरीरात जी उलथापालथ होते, तिच्यात लांबलेला उपास, भरमसाट सलाईन आणि अंथरुणाला खिळून राहणे यांची भर पडू नये, हे त्यामागचे सूत्र. पुढे २०१० साली या पद्धतीचा प्रसार करणारी ईरास सोसायटी (ERAS, म्हणजे ‘एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी’, शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होणे) स्थापन झाली आणि २०१४ मध्ये जठराच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आल्या.

मात्र मोठ्या आतड्याचे नियम वरच्या पचनमार्गाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि नुसती ‘लवकर घरी’ एवढीच जाहिरात करणाऱ्यांविषयी मला शंकाच वाटते. भूल देण्याच्या २ तास आधीपर्यंत पाणी चालते खरे, पण गाठीमुळे जठरातून पुढे जाण्याची वाट अडली असेल तर ही सवलत धोक्याची ठरते. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातली नळी सरसकट ठेवावी लागत नाही. अन्ननलिका काढून तिच्या जागी जठर वर ओढून जोडले असेल, तर मात्र ते रिकामे राहावे म्हणून ती ठेवतात.

सर्वांत मोलाचे वाटले ते वेदनाशमन. वरच्या पोटातली जखम प्रत्येक श्वासाला ओढली जाते, म्हणून रोगी उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. पाठीतल्या एपिड्युरलमधून, म्हणजे कण्यालगत बसवलेल्या बारीक नळीतून, वेदनाशामक औषध चालू होते, म्हणूनच काका फुप्फुसांच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन गोट्यांच्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढू शकत होते: पहिली गोटी वर जाऊन टेकायची, दुसरी थरथरायची, तिसरी जागची हलायची नाही. शिवाय मॉर्फीनसारखी औषधे कमी लागली की आतडीही लवकर चालू होतात.

घरी सोडताना दिवस मोजायचे नसतात. तोंडाने पुरेसे अन्न जाते का, गोळ्यांवर वेदना आटोक्यात राहतात का, ताप नाही ना आणि रोगी स्वतः हिंडतो का, हे पाहायचे असते. त्यानंतरचा भार घरावर येतो, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण जिथे पोह्यांबरोबर जिलेबी आणतो त्या इंदुरात तो हलका नाही. जठर लहान झाले की गोड पदार्थ झपाट्याने लहान आतड्यात उतरतो. मग घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते. थोडे थोडे, पण पुष्कळ वेळा खायचे आणि पाणी जेवणाबरोबर न घेता मधल्या वेळात घ्यायचे, हे आहारतज्ज्ञांनी काकूंना समोर बसवून समजावले. रात्री ताप चढला किंवा पोटात दुखू लागले तर फोन कोणाला करायचा, हे मात्र डिस्चार्जच्या कागदावर नव्हते. तो नंबर आम्ही मागून लिहून घेतला, आणि लवकर घरी जाणाऱ्या प्रत्येकाने तो मागून घ्यावा.